माणसाले काय म्हणाचं

सीताबर्डीत हातमाग प्रदर्शनाच्या नोंदणीची रांग लागली होती. प्रणालीच्या आजोबांच्या, म्हणजे नत्थूजींच्या, काखेत कोऱ्या लुगड्यांचं गाठोडं होतं आणि त्याला सुताच्या खळीचा आंबूस वास येत होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका साहेबाने नाकाला रुमाल लावला.

"शी! ए म्हाताऱ्या, हट! मागे हो."

"आबा, चला न मागं. लोक पाहून राहिले," प्रणाली पुटपुटली.

"काहून वं? सकाळपासून उभा आहो मी." नत्थूजी वळले. "साहेब, आमच्या गल्लीत लुगड्याच्या उभ्या सुताचा ताणा पसरला का दिवसभर राखण करा लागते. कुत्रं आलं त हाड म्हणतो, कोंबडी आली त हुश्श. माणूस आला का म्हणतो, दादा, जरा वाकून जा. तुमच्या घरी माणसाले हट म्हणतेत का गा?"

"मी वासाबद्दल बोललो."

"वास पहिल्या धुण्यात जाते. तुमचं बोलणं कशानं धुवाचं?"

खिडकीतून आवाज आला, "पुढचं नाव सांगा."

प्रणालीने गाठोडं आजोबांकडून घेतलं आणि खिडकीत ठेवलं.

"नत्थूजी धकाते, विणकर. अन् त्याखाली माझंही लिहा. प्रणाली धकाते, विणकर."