कुऱ्हाडीवरचे लेबल

जबाब, दि. २१ ऑगस्ट २०२५

नाव तनुजा धरमसिंग जाधव, वय २४ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय नोकरी (महिला पोलीस शिपाई), मूळ राहणार किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, दीड वर्षापासून मी पोलीस ठाण्यात जप्त वस्तू ठेवण्याच्या मुद्देमाल खोलीत हवालदार मुकेश ढोले यांची मदतनीस आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझे अक्षर चांगले म्हणून लेबले लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे.

मागील वर्षी आठवडी बाजारात गाडी लावण्याच्या वादात परवेज या तरुणाच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला. जप्तीच्या वेळी वांगी विकायला आलेले पुंजाजी गाभणे पंच होते. कुऱ्हाड कागदात गुंडाळून, लाखेने सील करून, वर त्यांच्या सहीचे लेबल लावले होते.

दि. ४ ऑगस्ट रोजी, कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता ते पुडके काढले. सील शाबूत होते. लेबल गव्हाच्या खळीने चिकटवलेले असल्याने उंदरांनी अर्धे खाल्ले होते. ढोले हवालदार म्हणाले, "जसं हाये तसं नेऊ. उंदरानं खाल्लं त उंदरानं खाल्लं म्हनू. डायरीत लिव." मग ते जेवायला गेले.

मी डायरीत लिहिले नाही. आठ दिवसांपूर्वीच साहेबांनी ही खोली पाहून मला शाबासकी दिली होती. मी जुन्या लेबलाचा उरलेला तुकडा सोडवला, त्या जागी नवीन लेबल लिहून लावले आणि पंचनाम्यात पाहून त्यावर पुंजाजींची सही काढली. छान जमली, असे तेव्हा वाटले. ढोले हवालदारांना सांगितले की, पंच बाजारात आले होते, त्यांची सही पुन्हा घेतली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पुंजाजींनी पंचनाम्यावरील सही ओळखली. लेबल पाहून म्हणाले, "हे मायी नाही." आरोपीचे वकील म्हणाले की, कुऱ्हाडच बदलली आहे. सरकारी वकिलांनी पुंजाजींना फितूर ठरवण्याची परवानगी मागितली. मी मागच्या बाकावर बसलेली होते.

बाहेर व्हरांड्यात परवेजची आई लतीफाबी त्यांना म्हणाल्या, "पुंजाजीभाऊ, तुमी बी पलटले? मायाच घरचा चहा पिऊन?"

"मी कायले पलटू, लतीफाबी? साक्षरता वर्गात तीन महिने गिरवली मी ते सई. मायी सई खाली उतरत जाते. ते त नीट सरळ गेली." मग मला पाहून म्हणाले, "ह्या मॅडम हायेत न ठान्यातल्या. इचार त्याहिले."

मी "मला बंदोबस्त आहे" असे म्हणून जिना उतरले. मला बंदोबस्त नव्हता.

माझे वडील अजून अंगठा लावतात. याचा प्रकरणाशी संबंध नाही.

सोळा दिवस मी कोणाला काही सांगितले नाही. जुन्या लेबलाचा उरलेला तुकडा माझ्याच्याने फेकवला नाही. तो आज पाकिटात हजर करीत आहे. त्यावर पुंजाजींच्या सहीचा खाली उतरलेला शेवट दिसतो. ढोले हवालदारांचा यात दोष नाही. कुऱ्हाड तीच आहे. पुंजाजी खरे बोलले, हे मी कोर्टासमोर आणि लतीफाबींसमोर सांगण्यास तयार आहे. माझ्या नोकरीचे काय होईल, हे मी विचारलेले नाही.

हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचला. तो बरोबर आहे. खालची सही माझीच आहे.