लिटरला सहा

नाही, ते विकत घेतल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते — गाडी पिते. रंग छान, सीटा नव्या, सगळं खरं, पण लिटरला सहा. म्हणजे डोंबिवलीहून निघालात की पत्रीपुलाच्या आधीच लिटर खलास. आमच्या सोसायटीत हिच्यावर कर बसलाय, विचारा कुणालाही. — छे, सरकारचा नाही, सरकारला कुठं एवढं सुचतंय. आमच्या ह्यांना सुचलं. उत्तमराव — वागळे इस्टेटला सुपरवायझर आहेत, आत्ता तिकडेच आहेत. तर तिकडे आखातात लढाई लागली, पेट्रोल महागलं आणि ह्यांनी इथं मीटिंग बोलावली — जी गाडी जास्त पिते तिनं पार्किंगचं जास्त भरायचं, देशाचं तेल वाचवायचं. देश राहू द्या हो, डोळा होता तो तळमजल्यावरच्या भिवाच्या जीपवर. खाडीवरची माणसं, मासळीचा धंदा, आणि जीप ठेवतात आमच्या गाडीला खेटून — हे खुपायचं ह्यांना. ठराव एकमतानं पास. गाड्या तीनच, बाकीच्यांचं काय जातंय, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

मग ज्यानं त्यानं आपलं अ‍ॅव्हरेज सांगायचं. दुसऱ्या मजल्यावरची मारुती सोळा. भिवाची जीप दहा. आणि आमचे हे — खोटं बोलणं जमतच नाही त्या माणसाला — उभे राहिले आणि म्हणाले, सहा. सगळी मीटिंग हसली. भिवा तेवढा खाली बघत बसला. तेव्हापासून ह्यांनी सोसायटीत मान वर केलेली नाही, जिन्यात कुणी भेटलं की चपलेचा पट्टा बघत बसतात. म्हणून विकायची. वाईट वाटतं हो मला, धड जेवतसुद्धा नाहीत.

वास? कसला वास — ती डिकी लावा बघू आधी. बोंबील असतील. म्हणजे, पाटी सांडलेली एकदा. कुणाची काय, दगडाबाईची, भिवाच्या बायकोची. जीप बाहेर असली की मी सोडते तिला कल्याणच्या बाजारात. — मीच. का, बाईला गाडी चालवताना बघितलं नाही कधी? भिवानंच शिकवलं, मागच्या सीटवर दगडाबाई बसलेली असायची, तेव्हा तसलं काही मनात आणू नका. आधी ह्यांनाच म्हटलेलं, शिकवा. तर म्हणे, तुला साधी सायकल येत नाही. आता पुलावर ट्रकवाले साइड देतात मला, बोला. — सोसायटीतलं कोण सांगणार ह्यांना? दिवसभर इथं सगळ्या बायकाच, आणि प्रत्येकीला मी बाजारातून काही ना काही आणून देते. त्या कशाला तोंड उघडतील.

काय म्हणालात, इंजिन खलास झालेलं असणार? अहो, तोंड सांभाळून बोला. माझ्या हातात बारा देते ही. बारा. आणि कुरकुर नाही, पहिल्या सेल्फला उठते. — मग सहा कुठून आले, म्हणजे? ह्यांना दिसतात सहा. हे जातात ट्रेननं, गाडी काढतात रविवारी, आणि मीटर बघून हिशेब मांडतात. मी निघताना डॅशबोर्डखाली हात घालते, मीटरची केबल सोडते, आले की परत लावते. मीटरला काय कळतंय मी कुठं जाऊन आले. पेट्रोल तेवढं कमी होतं, ते काही लपवता येत नाही —

पाकीट का काढताय? आत्ता तर नाक मुरडत होतात. ठेवा ते आत. ह्यांना खरं सांगायचं दोनदा ओठावर आलेलं माझ्या. सांगितलं तर मान वर होईल त्यांची, भिवाच्याही पुढं दोननं — आणि त्याच संध्याकाळी किल्ली जाईल कपाटात. मग मी काय करू? गॅलरीत उभी राहून रविवारची वाट बघू?

नाही, विकायची नाही. ह्यांना सांगेन, गिऱ्हाईक आलेलं, पिते म्हणून परत गेलं. कुठं भेटले तर तुम्हीही तेच सांगा, खोटं काही नाही त्यात, ठराव झालाय तसा. आता जरा बाजूला व्हा, मला ती केबल सोडू द्या. आणि जाताना फाटक सताड उघडं ठेवा, दगडाबाई पाट्या घेऊन उभी आहे.