नाव बदलायचा रकाना

धोंडबा : (फोनवर) आता कोणतं पान आहे?

नागसेन : तेच, बाबा. नागरिकत्वाच्या फॉर्मचं. नाव बदलायचं आहे का, विचारून राहिले. 'निक' टाकतो.

धोंडबा : नाव बदलल्याशिवाय अमेरिकन होता येत नाही का गा?

नागसेन : येते. पण जरा सोपं जाते. सतरा वर्षं झाली मले इथं. अजूनही नाव सांगितलं की विचारतात, असली कुठला? मी ओहायो म्हणतो, तर हसतात.

धोंडबा : त्या नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तकात असेल ना, अमेरिकन कोणाले म्हणावं ते.

नागसेन : तेवढंच तर ठरलं नाही त्यांचं. अडीचशे वर्षं भांडूनच राहिले. पहिल्या कायद्यात फक्त गोरे. गुलामीवरून लढाई झाली, मग काळेही त्यात धरले. शंभर वर्षांआधी तर आपल्याकडच्या लोकांले देलेलं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. आताही टीव्हीवर रोज तेच, खरा कोण अन् उपरा कोण.

धोंडबा : आपल्या गावची विहीरही गावाचीच होती बाप्पा. गावात कोण धरायचं, ते पाटील ठरवे. बरं, ते गुलाम सुटले, त्याईनं नावाचं काय केलं?

नागसेन : बऱ्याच जणांनी मालकानं ठेवलेलं नाव टाकून दिलं. आपलं आपण निवडलं.

धोंडबा : हं. छप्पनमध्ये दीक्षाभूमीवरून आल्यावर तुह्या आजानं तेच केलं. मी सहा वर्षांचा होतो. मले म्हणे, धोंड्या गेला, आजपासून तू नागसेन.

नागसेन : तुम्ही?

धोंडबा : मास्तर म्हणे, रजिस्टरात धोंड्या आहे, धोंड्याच राहीन. तुहा आजा तीनदा शाळेत जाऊन आला. मग नोकरी, पेन्शन, सारं धोंडबावरच झालं. तू जन्मला तेव्हा तुह्या मायनं दुसरं नाव काढलं होतं. मी काही तिचं ऐकलं नाही.

नागसेन : हे कधी सांगितलं नाही तुम्ही.

धोंडबा : देऊन टाकलेल्या वस्तूची आठवण काहून द्यायची? तुले बदलायचं तर बदल. मले वाईट वाटीन, खोटं कशाले बोलू. पण रागावणार नाही.

(फोनवर माउसची टिकटिक ऐकू येते.)

नागसेन : बाबा, 'नाही'वर खूण केली.

धोंडबा : बरं. पुढचं वाच.