पिवळी पाटी आणि शुक्रवारची संध्याकाळ

सन्माननीय अध्यक्ष आणि व्हिटफोर्ड नगरीचे महापौर श्री. रॉइस टिलरी, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, आणि गेली सहा वर्षं नगरीच्या प्रत्येक व्यासपीठावर उजव्याच हाताला बसत आलेले बांधकाम व्यावसायिक श्री. ब्रेंट कॅल्डवेल, हे सभागृह आपल्याला देणाऱ्या माउंट नेबो चर्चचे पाद्रीबाबा, आजच्या सत्कारमूर्ती, नगरपालिकेच्या तिसऱ्या खिडकीवर चौतीस वर्षं बसून आज निवृत्त होणाऱ्या मिस लिओटा क्रेन्शॉ, नगरपालिकेचा सेवकवर्ग, आणि टॅनरी बॉटममधल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गाऱ्हाणं मांडतो. ते गंभीर आहे, म्हणून आधी मांडतो. मागच्या टेबलावर चहाची दोन पिंपं ठेवली आहेत. दोन्हींत बर्फ आहे, दोन्हींत लिंबू आहे, आणि दोन्हींत साखर नाही. शेजारी गुलाबी कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि चिठ्ठी आहे, "आवडीनुसार साखर घ्यावी." सज्जनहो, साखर चहा उकळताना पडते. गार चहात ती विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते आणि रुसलेल्या जावयासारखी शेवटपर्यंत वर येत नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो या नगरीत वाढलेला नाही. म्हणून पहिला घोट घेतला तेव्हाच मी ओळखलं की आजच्या जेवणाचा खर्च नगरपालिकेनं केलेला नाही. चौकशी केली. खर्च कॅल्डवेलसाहेबांनी केला आहे. मी आभारी आहे. कोंबडी उत्तम होती. ती कशासाठी होती, एवढंच अजून कळलेलं नाही.

ज्यांना वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी थर्मन ओगल्सबी. आपल्या साप्ताहिकात दर गुरुवारी एक सदर लिहितो. त्यात मी कुणावर विश्वास ठेवत नाही आणि त्याबद्दल मला मानधन मिळतं. आता हे अवगुणाचं लक्षण म्हणा, पण या नगरीत राहून दुसरं काय शिकायचं? रस्त्यावर कुणी मोजणीसाठी नारिंगी रंगाचा फवारा मारून बाण काढला की आम्ही आडोशाला उभं राहून बघतो, बाण कुणाच्या दाराकडे वळलाय. पांढऱ्या गाडीतून दोन माणसं उतरली आणि त्यांचे बूट स्वच्छ असले, की शेजारीण शेजारणीला फोन करते. "तुमचं घर रोख पैसे देऊन घेऊ" अशी हातानं लिहिल्यासारखी दिसणारी पत्रं येतात. मला एकट्याला एकवीस आली, आणि मी तर भाड्यानं राहतो.

नगरपालिका आम्हाला विचारत नाही असं मी म्हणणार नाही. विचारते. दर वसंतात एक सभा होते, आइस्क्रीम असतं, भिंतीवर चित्रं असतात आणि आमच्या हातात रंगीत टिकल्या देतात. जे आवडेल त्यावर टिकली लावा. आम्ही सगळ्यांनी टिकल्या ग्रंथालयावर लावल्या. बांधलं काय? पाच मजली इमारत, खाली कुत्र्यांना न्हाऊ घालायचं दुकान. कुत्र्यांच्या चित्रावर टिकली कुणी लावली, हे मी अजून शोधतो आहे. ओढ्याकाठच्या आमच्या सखल वस्तीला शंभर वर्षं टॅनरी बॉटम म्हणत आले. इमारतीवर नाव आलं, टॅनरी हाइट्स. जमीन बोटभरही वर आलेली नाही. पाऊस पडला की पाणी अजून आमच्याकडेच पहिलं येतं. आणि प्रत्येक भाषणात प्रत्येक पुढारी छातीवर हात ठेवून सांगतो, आपल्याला अटलांटासारखं महानगर व्हायचं नाही. हे वाक्य सगळ्यांत जोरात कोण म्हणतं? जो मागच्या वर्षी अटलांटाहून आला तो.

असो. मी सत्कारमूर्तींबद्दल बोलायला उभा आहे, आणि अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे, ते मी पाहिलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या रांगेत जांभळी टोपी घालून मिस व्हर्डेल गॅस्किन बसल्या आहेत. आमच्याकडे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. तेव्हा त्या एकोणऐंशीच्या होत्या. त्यांचं घर आणि शेजारची मोकळी एकरभर जागा त्यांच्या वडिलांची. वडील मृत्युपत्र न करता गेले. आमच्याकडे तेव्हा वकिलाला कोण विचारत होतं? त्यामुळे जागा कुणा एकाची नाही. चौदा वारसांची. त्यातला एक पुतण्या क्लीव्हलंडला. त्यानं ही जागा जन्मात पाहिली नव्हती. एका कंपनीनं त्याचा हिस्सा विकत घेतला. कंपनीचं नाव मी घेत नाही, जेवण नुकतंच झालं आहे. मग कंपनीनं नगरपालिकेत अर्ज टाकला की त्या जागेवर पाच मजले बांधायची परवानगी द्या.

यात मेख काय होती, ती मिस व्हर्डेलच्या वकीलबाईंनी चर्चच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. उरलेले तेरा वारस एक झाले, तर तो एक हिस्सा आजच्या भावानं परत घेता येतो. आजचा भाव म्हणजे एका जुन्या गाडीची किंमत. पण पाच मजल्यांची परवानगी आधी मिळाली, की भाव आभाळाला लागणार. मग कंपनी न्यायालयात जाणार, सगळी जागा विकायला लावणार, आणि ज्या खोलीत मिस व्हर्डेल जन्मल्या त्या खोलीतून त्यांना बाहेर पडावं लागणार. तेरा सह्या सहा राज्यांतून गोळा करायच्या. वकीलबाई म्हणाल्या, "चार महिने लागतील." आणि नगरपालिकेची सुनावणी होती तीन आठवड्यांवर.

"मग आता?" मिस व्हर्डेलनी विचारलं.

"आता प्रार्थना," वकीलबाई म्हणाल्या.

"ती मी करतेच आहे, बाळ. तू कायदा सांग."

कायद्यात एकच गोष्ट होती. सुनावणीच्या आधी पंधरा दिवस त्या जागेवर सुनावणीची सूचना देणारी नगरपालिकेची पिवळी पाटी उभी पाहिजे, सलग. मधे पाटी दिसेनाशी झाली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणि सुनावणी महिन्यातून एकदाच, दुसऱ्या मंगळवारी. पाटी लावायचं काम तिसऱ्या खिडकीचं, म्हणजे मिस लिओटांचं.

पाटी लागली. आठवड्याच्या आत नाहीशी झाली. दुसरी लागली, तीही गेली. आता माझ्यासारख्या माणसानं काय समजावं? मी गुरुवारी लिहिलं की लोकांना सुनावणीचा पत्ता लागू नये म्हणून नगरपालिकाच पाट्या उपटते आहे. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या वस्तीत नगरपालिकेबद्दल काहीही लिहा, पुरावा मागायला कुणी येत नाही.

आणि मग मला पुरावाही मिळाला. एका शुक्रवारी दिवेलागणीला त्या जागेवरून जात होतो. गवतात मिस लिओटा उभ्या, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पिवळी पाटी.

मी म्हणालो, "काढताय वाटतं, मिस लिओटा?"

"लावतेय."

"तिन्हीसांजेला?"

"थर्मन, तुझी आई असती तर तिनं तुला माझ्याशी या आवाजात बोलू दिलं असतं?"

"आईचा विषय नाही. पाटीचा आहे."

"मग पाटी धर सरळ. मी ठोकते."

मी धरली. आणि सोमवारी नगरपालिकेत जाऊन त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार दाखल केली. होय, ज्या पाटीला मी हात लावला होता तिच्याचबद्दल. तीन महिने चौकशी चालली. मिस लिओटांना प्रत्येक प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं लागलं, सगळ्या खिडक्यांवरचे लोक त्यांच्याकडे बघत असताना. ती पाटीही गेली. मग चौथी गेली, आणि दर वेळी सुनावणी महिनाभर पुढे गेली.

मे महिन्यात चर्चची मासळी तळायची जत्रा होती. टेबलं काढायला मी मागच्या शेडमध्ये गेलो. तिथे भिंतीला टेकून, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या चार पिवळ्या पाट्या. शेजारी चार निवडणुकांतल्या उमेदवारांच्या पाट्या. मी डीकन पर्विस लॅडसनना हाक मारली. डीकन म्हणजे चर्चचे ज्येष्ठ सेवेकरी. आज ते दाराजवळ बसले आहेत.

"डीकन, हे काय?"

"पाट्या."

"कुणाच्या?"

"मत मागणाऱ्यांच्या असतील. नाहीतर घरं घेणाऱ्यांच्या. लोक खुपसून जातात, काढायचं नाव नाही. गवत कापताना मधे येतात."

"गवत तुम्ही कापता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. मिस व्हर्डेलचे यजमान गेले त्या आठवड्यापासून, अकरा वर्षं, दर शनिवारी सकाळी डीकन ती जागा कापतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. आमच्याकडे विधवेच्या अंगणातलं गवत चर्चच्या पुरुषांनी कापायचं असतं आणि त्याचा उच्चार करायचा नसतो.

"पण डीकन, वर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"यंत्र चालवताना मी चष्मा लावत नाही. खडे उडतात."

मी टेबलं उचलली. त्याच आठवड्यात तेरावी सही आली, बर्मिंगहॅमच्या एका भाचीची. तो हिस्सा जुन्या गाडीच्या भावानं परत घेतला गेला. कंपनीनं अर्ज मागे घेतला. मिस व्हर्डेल आजही त्या खोलीत झोपतात, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले घेऊन.

इथे दुसऱ्या कुणी भाषण संपवलं असतं. पण संशयी माणसाला सुख पचत नाही. मी माहितीचा अर्ज करून त्या प्रकरणाची कागदपत्रं काढली. त्यात चारही पाट्यांचे फोटो आहेत, लावल्या लावल्या काढलेले, नियमाप्रमाणे. पहिल्या फोटोत पाटी रस्त्याच्या कडेला आहे. दुसऱ्यात चार पावलं आत. तिसऱ्यात पिकनच्या झाडापाशी. चौथ्यात ती अशा जागी आहे की गवत कापायचं यंत्र घेऊन जाणाऱ्यानं तिला उपटल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. आणि चारही तारखा शुक्रवारच्या.

मिस लिओटा तीस वर्षं या चर्चमध्ये डीकन लॅडसन यांच्या मागे दोन रांगा सोडून बसतात. त्यांना डीकन कोणत्या वारी कुठलं गवत कापतात, हे ठाऊक नसेल? मी खिडकीवर जाऊन विचारलं.

"मिस लिओटा, शुक्रवारच का?"

"शुक्रवारी कचेरीची गाडी मोकळी असते."

"आणि पाटी एवढी आत का?"

"नियमात लिहिलंय, ठळक दिसेल अशी. आत जास्त ठळक दिसते."

"पाट्या जातात कुठे, याची चौकशी कुणी केली?"

"पाटी हरवली तर दुसरी लावावी, एवढंच माझं काम. शोधावी असं कुठे लिहिलंय ते दाखव, शोधते. पुढचा कोण आहे?"

कॅल्डवेलसाहेब, आपण का हसत नाही आहात? मी कुणावर आरोप केलेला नाही. नियम पाळला गेला, शब्दाशब्दानं पाळला गेला. एवढा काटेकोर नियम या नगरीत आणखी कुणासाठी पाळला गेला असेल, तर मला कळवा, मी लिहीन. चौतीस वर्षांत या खिडकीनं माझे सतरा कागद परत केले, महापौरांच्या मेव्हण्याचे सव्वीस. हे आकडे मी मोजले आहेत. मिस लिओटा आत्ता माझ्याकडे ज्या नजरेनं बघताहेत, त्याच नजरेनं त्यांनी ते परत केले. त्यांच्यावर मला आजही संशय आहे. फक्त आता तो वेगळ्या गोष्टीचा आहे आणि तो सिद्ध करायची मला मुळीच घाई नाही.

सोमवारपासून त्या खिडकीवर एक यंत्र येणार आहे, असं ऐकतो. त्याच्यावर बोट ठेवलं की अर्ज दाखल. वेळ वाचेल म्हणतात. कुणाचा, ते अध्यक्षांनी आपल्या भाषणात सांगावं.

आपण मला एवढा वेळ दिलात, ऋणी आहे. पाद्रीबाबांचा, स्वयंपाकघरातल्या भगिनींचा आणि खुर्च्या मांडणाऱ्यांचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाची इमारत, कुणाचा मेव्हणा किंवा कुणाचा चहा दुखावला असेल, तर उदार मनानं पोटात घालावं.

एक गोष्ट राहिली. चार वर्षांपूर्वीची ती तक्रार मिस लिओटांच्या सेवापुस्तकात अजून तशीच आहे. तक्रारदार मी, म्हणून ती मागे घेता येते ती मलाच. इतकी वर्षं घेतली नाही, कारण तो कागद तिसऱ्या खिडकीवर द्यावा लागतो आणि तिथे तुम्ही बसायचात. तुमची नोकरी आज रात्री बारापर्यंत आहे, मी विचारून घेतलं. कागद भरून आणला आहे. कारणाच्या रकान्यात आधी "गैरसमज" लिहिलं होतं. ते खोडून "माझी चूक" लिहिलं आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे.

तुम्ही उठू नका, मिस लिओटा. मी खाली येतो.