खवल्याची, बिनखवल्याची

रुख्मा : चहा मंग, बाई. तुमच्या पोरीनं आमच्या गुड्डूवर का जादू केली, ते सांगा पयले.

रिबका : अहो रुख्माबाई, बसा तरी. सिपू, चटई टाक. काय झालं?

रुख्मा : नातू इतके दिवस तापानं फनफनला. काल उतरला ताप. डॉक्टर म्हनते, आता ताकद भरा पोट्ट्यात. मी सकारी मागूर आनली, जित्ती. पातर रस्सा केला. तं तोंडच फिरवते! म्हनते, "इले खवले नाईत, मी नाई खात." ढिवराचा नातू अन् मागूर नाई खात! तरावातले मासे हासून राहिले असतीन.

रिबका : खवले म्हणाला?

रुख्मा : मी इचारलं, कोनं सांगतलं तुले? तं म्हने, "सिपूनं. तिच्या देवाच्या पुस्तकात हाये."

रिबका : सिपोरा. आत नको जाऊस. इकडे ये.

सिपू : मी चटई आणते आहे.

रिबका : चटई तुझ्या हातातच आहे.

रुख्मा : रागावू नोका तिले. टोपली तं म्याच देली होती खेळाले. डोरे झाकून बोट फिरवा, खवल्याची का बिनखवल्याची. रोहू इकडं, मागूर तिकडं. मले का ठाऊक, तो खेळ नसून धरम हाये!

रिबका : दोन्ही आहे हो. आम्ही बेने इस्रायली, ज्यू. पनवेलला असतो तर सिनेगॉगमध्ये बाकीच्या मुलांबरोबर शिकली असती. माझी इथे पोस्टात बदली झाली. इथे तिला कोण? मग जे समोर दिसतं त्यावरच शिकवते. ज्या माशाला खवले आणि पर, तेवढाच आम्ही खातो. पुस्तकातून सांगितलं की जांभया देते. तुमच्या टोपलीत एका सकाळी शिकली.

रुख्मा : अन् ते उलटं लिहिनं? गुड्डूनं आमच्या भिताडावर कोळशानं लिहून ठेवलं. पयले धानाचा रोपा, मंग मान वर केलेला सारस, मंग मासोरीचा गळ, मंग दार लावलेली झोपडी.

सिपू : उलटं नाही आजी, उजवीकडून आहे. आमच्या हिब्रूत शालोम लिहिलंय त्याने, म्हणजे नमस्कार. त्याचं लामेद अक्षर माझ्यापेक्षा छान येतं. खरा सारस वाटतो.

रिबका : सिपू, विषय बदलू नकोस. खवल्यांचा नियम कोणासाठी, मी काय सांगितलं होतं?

सिपू : आपल्यासाठी.

रिबका : हे गुड्डूला सांगितलंस?

सिपू : बाकीचं सगळं सांगितलं.

रुख्मा : मंग एवढंच काऊन ठेवलं वं माय?

सिपू : तो म्हणाला असता, हे तुझं आहे, माझं नाही. शुक्रवारी प्रार्थनेचे दिवे लावताना आला नसता. मग मी एकटीच ना. शाळेत पण एकटी, दिव्यापाशी पण एकटी.

रुख्मा : अगं माय! इकडं ये. नाक पूस. मी भांडाले आली होती, आता मलेच रडवतं का?

रिबका : सिपू, ऐक. आपल्यातसुद्धा जीव आधी आणि नियम नंतर. जिवावर बेतलं तर आजारी माणसाने काहीही खावं. पनवेलला आजोबांना विचार हवं तर.

सिपू : मग तेवढंच सांगते! तू आजारी आहेस, तुला चालतं, असं.

रिबका : तेवढ्याने आज जेवेल.

सिपू : झालं तर मग.

रिबका : आणि बरा झाल्यावर?

रुख्मा : आमच्या चुलीवर तं झिंगे अन् मागूरच असते, बाई. रोहू जाते बजारात.

रिबका : काय सांगायचं ते तूच ठरव, सिपू. तुझा विद्यार्थी आहे तो. मी येत नाही बरोबर.

(रुख्माबाईची ओसरी. गुड्डू खाटेवर. शेजारी झाकून ठेवलेली वाटी.)

गुड्डू : सिपू, सांग ना आजीले! वासानं पोटात कावळे ओरडून राहिले, तरी नाई खाल्ली मी. शाबास म्हन.

सिपू : गुड्डू, आजारी माणसाला चालते. आमच्यात तसं आहे. जीव आधी.

गुड्डू : पक्कं?

सिपू : पक्कं.

रुख्मा : ऐक बाप्पा, मास्तरीन म्हनते. आ कर.

गुड्डू : थांब ना आजी. सिपू, मंग बरा झालो का परत बंद? झिंगे बी?

सिपू : झिंगे आवडतात तुला?

गुड्डू : लय. पन तू म्हनशीन तं नाई खानार. जनमभर.

सिपू : खा.

गुड्डू : का?

सिपू : झिंगे पण खा, मागूर पण खा. बरा झालास तरी. तो नियम तुझा नाहीच आहे. आमच्या घरचा आहे. मला माहीत होतं. मी मुद्दाम नव्हतं सांगितलं.

रुख्मा : असा काऊन पाहून राहिला तिच्याकडं?

गुड्डू : मंग सारस? तो बी तुमच्याच घरचा?

सिपू : सारस कोणीही काढावा.

गुड्डू : अन् शुक्रवारचा दिवा?

सिपू : तू येशील अजून?

गुड्डू : मंग! तुया सारस तं बगळ्यावानी दिसते. तुले कोन शिकवन?

रुख्मा : झाली का शाळा? रस्सा थंडा होऊन राहिला.

गुड्डू : दे इकडं. मी माह्या हातानं खातो.

रुख्मा : हरू हरू खा. काटा हाये.

सिपू : मी बाहेर बसू?

गुड्डू : काऊन? पाहनं बी बंद हाये का तुमच्यात?

सिपू : नाही. बघायला चालतं.

गुड्डू : मंग बस ना. आजी, शुक्रवारी इच्यासाठी एक रोहू अलग ठेवजो. मागूरच्या टोपलीत नोको टाकू.