गरुड मागे ठेवलेले चित्र

मी, पद्माबाई अप्पाराव मेत्रे, वय ६१ वर्षे, व्यवसाय शेती व चित्रकाम, राहणार दुबलगुंडी, तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मला कन्नड येते. पण चित्राविषयी मराठीतच नीट सांगता येईल, म्हणून मराठीत लिहून घेतले आहे.

आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपातले गजेंद्रमोक्षाचे तैलचित्र दिनांक ९ रोजी सकाळी जागेवर नव्हते. दिनांक १४ रोजी दुपारी ते मला शिवशरण यांच्या फ्रेमच्या दुकानात दिसले. मी ठाण्यात कळवले. चित्र जप्त करून शिवशरण यांनाही ठाण्यात आणले. चित्राच्या खालच्या कोपऱ्यातली सही खरवडलेली होती.

शिवशरण म्हणाले, "आमच्या आजोबांचं हाय. गजेंद्राची चित्रं घरोघरी असत्यात, अक्का."

मी फौजदार विजयश्री मॅडमना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावले आणि न बघता सांगितले. घरोघरच्या चित्रात गरुडावर बसलेला विष्णू मधोमध असतो. माझ्या चित्रात मधोमध सोंडेतले कमळ आहे, कारण हाक हत्तीने मारली. गरुड मागे, ढगात अर्धा. देव उतरून अनवाणी धावत आला आहे. बोटावर चक्र नाही, ते सुटले आहे. मगरीच्या जबड्यापासून त्या रिकाम्या बोटापर्यंत सुतळी धरली तर ती कमळावरून जाते. मगरीचा डोळा माणसाचा आहे. तो शाप लागलेला गंधर्व आहे, त्यालाही सुटायचे आहे.

मॅडमनी चित्र फिरवून सुतळी धरली. ती कमळावरून गेली.

मॅडमनी विचारले, "काठावर एक हत्तीण हाय. गोष्टीत तर सगळा कळप सोडून जातो. ही कामून थांबली?"

मी म्हणाले, "बाकीच्या गेल्या म्हणून."

हे चित्र काढले तेव्हा माझे यजमान चौदा महिने अंथरुणावर होते. मी खाटेशेजारी बसून काढले. चित्र मंडपात लागले तेव्हा ते नव्हते. याबाबत आणखी सांगणे नाही.

यानंतर शिवशरण यांनी चित्र देवळातून उचलल्याचे माझ्यासमोर कबूल केले.

खरवडलेली सही 'अप्पाराव' अशी होती, हे मी सांगितले. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे चित्र यजमानांचं?"

"न्हाई, मॅडम. हात माझा. बाईनं काढलेला देव देवळाच्या पंचांना चालत नव्हता, म्हणून नाव त्यांचं घातलं."

यजमान तेव्हाही स्वतःचे नाव नको म्हणत होते. मीच ऐकले नाही.

चित्र परत मिळाल्यावर त्या कोपऱ्यात मी माझे पूर्ण नाव लिहिणार आहे. हा जबाब पंचांना दाखवण्यास माझी हरकत नाही.

जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. एकही शब्द बदलायचा नाही.

सही : पद्माबाई अप्पाराव मेत्रे