या म्हणा, बसा म्हणू नका

...नाही, नाही, चूक रक्ताची नाहीच मुळी! रक्ताला कशाला बोल लावायचा? रक्त बिचारं स्वभावाने आमच्या एरेदिया गावातल्या माणसांसारखं, जरा कुठे टेकायला जागा दिसली की टेकलं! तुम्हाला सांगते, वीस वर्षं मी त्या कारखान्यात नळ्या करतेय, शरीरात घालायच्या नळ्या, माणसाच्या मानेतून थेट हृदयापाशी जाणाऱ्या, आणि वीस वर्षांत एकच गोष्ट शिकले. रक्ताला 'या' म्हणायचं, पण 'बसा' म्हणायचं नाही!

कारण एकदा बसलं ना की संपलं. आधी रक्तातलं एक चिमुकलं प्रथिन येतं, 'जरा टेकते हं' म्हणून टेकतं, आणि टेकलं की पाय पसरतं! खरंच पसरतं हो, थट्टा नाही, आकारच बदलतो त्याचा. मग ते पसरलेले पाय बघून रक्तातल्या चिकट चकत्या येतात, 'कोण बसलंय? काय चाललंय?' मग त्यांच्या मावश्या, मावश्यांच्या जावा... झाली गुठळी! नळी तुंबली! आणि मी वीस वर्षं काय करतेय? नळीला आतून केस लावतेय! हसू नका. डोळ्यांना दिसत नाहीत असे केस, पाण्याने चिंब भिजलेले, दाटीवाटीने उभे. रक्त आलं की त्याला वाटावं, अरे, इथे तर नुसतं पाणीच आहे, बसायचं कुठे? चला पुढे! केस विरळ झाले तर मधल्या जागेत बसतं मेलं, फार दाट केले तर लेपच सोलून निघतो. अकरा लेप झाले. अकराही फसले. हा बारावा.

आणि घाई कुणाला? मला! माझी आई, दोन्या ओर्फिलिया, मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घेते, तेही मानेतल्या नळीतून. ती नळी तुंबते. बदलली, पुन्हा तुंबली. उजवी बाजू संपली, डावी चालू आहे, आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिनिया, शिरा काही झाडाला लागत नाहीत." मला कळत नाही का? रात्रंदिवस तेच कळतंय मला!

तर चाचणीचा दिवस. चाचणीला लागतं गाईचं ताजं रक्त, कत्तलखान्यातून, आणि काढल्यापासून चार तासांत सगळं उरकायचं. पातळ राहायचं औषध असतं त्यात, पण चिमूटभरच. फार घातलं तर चाचणी कसली, कुठल्याही नळीतून वाहील ते! एक तास रस्ता, दोन तास चाचणी, राहिला किती? एक तास! साडेबाराला रक्त निघालं, गाडीवर नवा चालक, दोन एलादियो, आकड्यातले दोन नव्हे हो, आमच्याकडे बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात तसं पुरुषाला 'दोन', परगावचा, अलाहुएलाचा, भला माणूस. त्याच्या हातात कागद, कागदावर आमच्या कारखान्याचा पत्ता.

आता आमचा पत्ता काय? आमच्याकडे घराला नंबर असतो का? रस्त्याला नाव असतं का? असलं तरी कुणाला ठाऊक! आमचा पत्ता म्हणजे 'जिथे ला गोलोंद्रिना दुकान होतं, तिथून तीनशे मीटर उत्तरेला.' होतं! दुकान बंद होऊन अठरा वर्षं झाली! फोनमधला नकाशा म्हणता? अहो, त्यालाही आमच्या लोकांनी ला गोलोंद्रिनाच शिकवलंय! आणि ते दुकान कुणाचं होतं? माझ्या आईचं! आणि ती अजून राहते कुठे? तिथेच! त्याच दारात, खुर्ची टाकून, वाटसरूंची वाट बघत!

दोन वाजले. गाडी नाही. अडीच वाजले. आमचे इंजिनिअर उमान्या घड्याळाकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय. फोन लावला. "दोन एलादियो, कुठे आहात?" "आत्ता पोचतो, दोन्या सिनिया, आत्ता!" आता आमच्याकडे 'आत्ता' म्हणजे काय, तर ते आत्ताही असू शकतं, संध्याकाळीही असू शकतं, आणि पुढच्या जन्मीही! तीन वाजता पुन्हा लावला. मागून कोंबडा आरवतोय. मागून कुत्रा भुंकतोय. आणि मागून एक बाई म्हणतेय, "कानेलो, आपण खाली उतरा पाहू, पाहुण्यांच्या मांडीवर बसू नये!"

आमच्याकडे कुत्र्यालाही अहो-जाहो करतात, लेकीलाही करतात, ते सोडा. पण कानेलो? अख्ख्या गावात कानेलो एकच!

"दोन एलादियो," मी म्हटलं, "तुम्ही बसलात?"

"पत्ता विचारायला उतरलो होतो हो! दोन्या म्हणाल्या, या, बसा. तीनची कॉफी झाल्याशिवाय कसं..."

आणि मागून आई, "आणखी एक तोर्तिया घ्या, चीज आजचंच आहे!"

बसला होता! आणि मला लेप ओला ठेवायचा, जागचं हलता येईना! पाऊण तास बसला होता आणि पुढे आणखी तासभर बसला, कारण आई म्हणाली, तीनशे मीटर तर आहे, पळून जातंय का? चार वाजून दहा मिनिटांनी हजर! वर हातात केळीच्या पानात बांधलेला पुडा, 'आईंनी दिलाय.' रक्ताची पिशवी उघडली. उमान्यासाहेबांनी आत डोकावून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "सिनिया, याची चाचणी होणार नाही. मोर्सिया मात्र छान होतील." मोर्सिया म्हणजे आमच्या रक्ताच्या सॉसेज हो! वीस वर्षांचं काम आणि मला सॉसेज! चाचणीची पुढची पाळी? पुढच्या महिन्यात! आणि तोवर डावी बाजू टिकेल याची हमी कोण घेतंय?

तशीच तरातरा गेले आईकडे. तीनशे मीटर! वाटेत भांडण पाठ करत गेले.

"आई, तुम्ही त्याला बसवलंत कशाला?"

"दारात आलेल्या माणसाला उभं ठेवू? तुम्हाला हेच शिकवलं का मी?"

"त्याच्या गाडीत रक्त होतं, आई!"

"अगंबाई! कुणाचं?"

"गाईचं!"

"मग गाय काही म्हणाली का?"

तुम्हाला सांगते, डोकं फिरलं माझं. ओरडले. आईवर ओरडले हो मी! "ते तुमच्यासाठी होतं! तुमच्या मानेतल्या नळीसाठी चाललंय हे सगळं! रक्ताला बसू द्यायचं नाही म्हणून मी तिकडे जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही इथे त्यालाच, त्याच्या गाडीवाल्यालाच... बसा म्हणताय!"

आईचा हात हळूच मानेवरच्या पट्टीवर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग म्हणाली, "माझ्यासाठी होतं, तर आधी सांगायचं होतं ना. डबा भरून पाठवलं असतं त्याला. बसवलं नसतं."

"पुढच्या महिन्यात तो पुन्हा येईल, आई. तेव्हा फक्त 'या' म्हणा. 'बसा' म्हणू नका. शपथ घ्या."

"घेतली. देवाशपथ. या म्हणेन, उत्तरेला बोट दाखवेन, आणि दार लावून घेईन."

जिंकले! वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जिंकले! वळले, तर दारात कोण? दोन एलादियो! माफी मागायला आलेला, टोपी हातात घेऊन! मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. ओठ गच्च मिटले तिने, शप्पथ, थरथरत होते हो ओठ.

"या," आई म्हणाली. आणि थांबली! खरंच थांबली! तो बिचारा उंबऱ्यात अवघडून उभा, कानेलो त्याच्या पायात, चुलीवर कॉफी उकळतेय, वास सगळ्या घरभर...

शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "अहो दोन एलादियो, उभे का? बसा ना!"

आणि तो बसला, आई बसली, कानेलो त्याच्या मांडीवर, शेजारीण आवाज ऐकून 'काय चाललंय?' करत आली ती पण बसली... आणि मी? मी काय करणार! मीही बसले. पाय पसरून.